एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लस घेतलं, रँडीच्या सोलोसाठी

ऑझी ऑस्बोर्नच्या क्रेझी ट्रेन गाण्यातला गिटारचा सोलो बारावीपासून डोक्यात बसलाय, टॅपिंगनं, म्हणजे उजव्या हाताच्या बोटानं तारेवर टकटक करत, सुरू होऊन शेवटी सरसर वर चढत जातो तो. त्याचा गिटारवाला रँडी ऱ्होड्स एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लस, म्हणजे गिटारचा आवाज फाडणारं पायानं दाबायचं छोटं पेडल, वापरायचा हे कळल्यावर तेच पाहिजे असा हट्ट धरला आणि दोन महिने पैसे साठवून घेतलं एकदाचं. सत्तरच्या दशकातलं जुनं नाही हं, हल्लीचं, लाइट आणि अडाप्टरची सोय असलेलं. नॉब दोनच, आउटपुट आणि डिस्टॉर्शन. रंग असा पिवळाधमक की आई म्हणाली, हळदीचा डबा आणलास काय रे?

पहिल्या दिवशी लाइटच लागेना. इथं बेळगावात खडे बाजारातनं नऊ व्होल्टचा साधा अडाप्टर आणलेला, त्याच्या पिनेत मध्ये प्लस, आणि पेडलला मध्ये मायनस लागतो. शहापुरातल्या रेडिओ रिपेअरवाल्या मामांनी मीटर लावून बघितलं, "उलटा हाय की रे हा," म्हणाले, वायर कापून फिरवून जोडली, वर काळी टेप गुंडाळली. पेडल वाचलं, नशीब.

आता आवाजाचं. घरच्या पंधरा वॉटच्या ट्रान्झिस्टर अँपवर, क्लीन चॅनेलला, म्हणजे न फाटलेल्या साफ आवाजावर, खरं सांगतो, डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखं वाजतं. मी काय केलं, डिस्टॉर्शन पूर्ण फिरवलं, तर आणखीच पातळ. ह्याचं सर्किटच तसं आहे, गेन, म्हणजे तो डिस्टॉर्शनचा नॉब, वाढवला की खालचा बेस कापला जातो आणि जर्मेनियम डायोड सिग्नलचं डोकं लवकर छाटतात, म्हणून तो खरखरीत, जरा जुनाट आवाज. हेवी मेटल वाजवायचं पेडल म्हणून घ्याल तर फसाल.

मग टिळकवाडीत मित्राच्या खोलीवर व्हॉल्व्ह अँप आहे तिकडं नेलं. अँपचा आवाज आधीच फाटायला आलेला, पेडलचं डिस्टॉर्शन घड्याळातल्या दहाच्या जागी, आउटपुट तीनच्या पुढं, आणि पहिलीच नोट अशी ताणून उभी राहिली की आम्ही दोघं एकमेकांकडं बघतच बसलो! रँडीकडं शंभर वॉटचे मार्शल अँप होते, त्यांना पुढं ढकलायला हे पेडल. धक्का मारायचं काम ह्याचं, गाडी वेगळीच पाहिजे.

तरी रेकॉर्डिंगसारखं होईना. 1980 च्या ब्लिझर्ड ऑफ ऑझ अल्बममध्ये, ज्यात हे गाणं आहे, रँडीनं सोलो एकदा वाजवून सोडलेला नाही, तोच सोलो परत परत वाजवून एकावर एक चढवलाय, एक मधोमध आणि दोन बाजूला, मागं. तो जाडपणा कुठल्याच डब्यात मिळत नाही. मी लॅपटॉपवर तीन ट्रॅक केले, कॉपी पेस्ट नाही, तिन्ही वेळा हातानं वाजवून. एका संध्याकाळी दुसरा ट्रॅक अर्ध्यात आला आणि लाईट गेली, सगळं पहिल्यापासून. व्हायब्रॅटो, म्हणजे तार हलवून येणारी सुराची थरथर, जुळवण्यात चार दिवस गेले, खालच्या मजल्यावरच्या काकूंना आता सोलो पाठ असणार.

व्हॉल्व्ह अँप किंवा निदान बरा क्रंच चॅनेल, म्हणजे अँपचाच थोडा फाटलेला आवाज, हाताशी असेल तर घ्या, पाचात चार. फक्त क्लीन प्रॅक्टिस अँप असेल तर पैसे ठेवा, आधी तोच सोलो दोनदा रेकॉर्ड करून डावीकडं उजवीकडं लावून ऐका की, फुकटात होतंय.

शेवटचा चढता तुकडा माझा अजून तिन्ही ट्रॅकवर जुळत नाही, तिथं बाजूचे दोन्ही गपचूप बारीक करून ठेवलेत.