वीस बाइटांच्या फायली आणि रेस्टिक : चार वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

रेस्टिक हे बॅकअप घेण्याचे मुक्त आणि विनामूल्य साधन फोंड्यातील आमच्या लहानशा कार्यालयात आम्ही 2021 पासून वापरत आहोत. दोन दवाखाने, एक पतसंस्था, किनारपट्टीवरील काही हॉटेले आणि एक देवस्थान यांचा डेटा सांभाळण्याची जबाबदारी आमच्याकडे आहे. परीक्षणाची सुरुवात वेगाच्या आकड्यांनी करता आली असती; परंतु बॅकअपचे साधन मी ज्या कसोटीवर पारखतो, ती कसोटी मला डिसेंबर 2015 मधील एका प्रसंगाने दिली आणि तो प्रसंग सांगितल्याशिवाय पुढची स्तुती किंवा तक्रार वाचकाला नीट कळणार नाही.

त्या वेळी मी पणजीतील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होतो आणि हॉटेलांच्या खोल्यांचे आरक्षण करणारी आमची प्रणाली माझ्याकडे होती. नाताळच्या आधीचा आठवडा होता, म्हणजे गोव्यात एकही खोली रिकामी नसण्याचे दिवस. माझ्या पडद्यावर दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या, एक चाचणीच्या सर्व्हरची आणि दुसरी प्रत्यक्ष चालू असलेल्या सर्व्हरची. दोन्हींचा रंग सारखा, अक्षरे सारखी. चाचणीतील आरक्षणांचा तक्ता रिकामा करण्यासाठी लिहिलेली ‘ट्रंकेट’ ही आज्ञा मी दुसऱ्या खिडकीत दिली. आम्ही वापरत असलेल्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ट्रंकेट मागे घेता येत नाही. बदलांची नोंद ठेवणारा बायनरी लॉग त्या काळच्या आवृत्तीत आपणहून चालू नसे आणि आम्हीही तो चालू केलेला नव्हता.

सकाळचे 11 वाजून 10 मिनिटे झाली होती. मी कोणालाही काहीही सांगितले नाही. रात्रीचा बॅकअप आहे, तो गुपचूप परत चढवू आणि कोणाला कळायच्या आत सारे पूर्ववत करू, असा माझा विचार होता. बॅकअपची फोल्डर उघडली तेव्हा तारखेनिशी फायली ओळीने दिसल्या, एकही रात्र चुकलेली नव्हती. मग आकाराच्या रकान्याकडे लक्ष गेले. प्रत्येक फाइल 20 बाइटांची होती. काल रात्रीची 20, परवाची 20, ऑगस्टपर्यंत मागे जावे तो सगळ्या 20.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. ऑगस्टमध्ये डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला होता. डेटा बाहेर काढणारी आज्ञा रोज रात्री अपयशी ठरत होती. तिच्या पुढे जोडलेल्या जीझिप या आज्ञेला आत काहीच मिळत नव्हते आणि ती त्या ‘काहीच नाही’ला इमानाने दाबून फाइल बनवत होती. रिकाम्या मजकुराची जीझिप फाइल बरोबर 20 बाइटांची होते. आज्ञा चालवणारे शेल मात्र अशा जोडकामात शेवटच्या आज्ञेचाच निकाल धरते, त्यामुळे नोंदीत दररोज ‘यशस्वी’ असेच उमटत होते.

मी सांगेपर्यंत 11 वाजून 50 मिनिटे झाली. मालकांनी विचारले, ‘‘हे कधी झाले?’’ मी म्हणालो, ‘‘आत्ताच, सर.’’ त्यांनी आरक्षणांचा तक्ता उघडला. त्यात 1 क्रमांकापासून सुरू झालेली 11 नवी आरक्षणे होती आणि पहिल्यावरची वेळ 11 वाजून 14 मिनिटांची होती. ट्रंकेटने क्रमांकांची मोजणीही पुन्हा एकपासून सुरू होते, हे मला माहीत असायला हवे होते. त्या चाळीस मिनिटांत संकेतस्थळ चालूच राहिले, पाहुण्यांना जुन्याच क्रमांकांचे संदेश गेले आणि पुढे एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर सापडलेली ऑक्टोबरमधली प्रत चढवताना नवे आणि जुने क्रमांक एकमेकांवर आदळले. मधल्या दोन महिन्यांची आरक्षणे आम्ही ईमेलमधून आणि हॉटेलांच्या हस्तलिखित नोंदवह्यांमधून भरून काढली. एका हॉटेलातील स्वागतकक्ष सांभाळणाऱ्या ताई रात्रपाळीत फोनवर एकेक ओळ वाचून दाखवत होत्या, नाव, खोली, किती माणसे, आगाऊ रक्कम, आणि मी टंकत होतो. सलग दोन रात्री. त्यांच्या वहीतील अक्षर न अक्षर बरोबर निघाले. आज्ञा चुकीच्या खिडकीत जाणे ही अशी चूक आहे की ती कोणाच्याही हातून होऊ शकते. पण अकरा पाहुण्यांच्या आरक्षणांचा गोंधळ हा माझ्या गप्प बसण्याने झाला, आणि तो मी लगेच सांगितले असते तर झालाच नसता.

पुढे 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या प्रोग्रामांचा कोड साठवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेत जवळपास असेच घडले. एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायला घेतला आणि आज्ञा मुख्य सर्व्हरवर गेली. सुमारे 300 गिगाबाइटपैकी साडेचारच्या आसपास उरले. त्यांचेही नित्याचे बॅकअप डेटाबेसची आवृत्ती न जुळल्यामुळे अपयशी ठरत होते आणि अपयशाची ईमेल पोहोचतच नव्हती. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर ते सावरले. या प्रसंगात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती त्यांची पद्धत: काय चालले आहे ते त्यांनी काम सुरू असतानाच उघडपणे जगासमोर मांडले आणि दोष एका माणसावर न ढकलता व्यवस्थेतील भोके एकेक करून लिहिली. ते वाचताना मला माझी चाळीस मिनिटे आठवत होती.

तेव्हा माझी कसोटी अशी. बॅकअप फसला तर साधन ते ओरडून सांगते का? घेतलेली प्रत परत चढवून पाहणे इतके सोपे आहे का, की माणूस ते खरोखर करील? आणि चुकीच्या खिडकीत आज्ञा गेली, तर जुन्या प्रती वाचतात का?

पहिल्या प्रश्नाबाबत रेस्टिकने मला बराच काळ पूर्ण समाधान दिले नव्हते. डेटाबेसचा डेटा नळीने (पाइपने) थेट रेस्टिकमध्ये सोडण्याची सोय पूर्वीपासून होती. पण डेटा काढणारी आज्ञा फसली तर रेस्टिकही मुकाट्याने रिकामी प्रत साठवून ठेवी, म्हणजे माझ्या 20 बाइटांचीच पुनरावृत्ती. जोडकामातील कोणतीही आज्ञा फसली तर सारेच फसले असे धरणारी ‘पाइपफेल’ ही सोय शेलमध्ये चालू करून आम्ही ती वाट बुजवली होती. 2024 मध्ये आलेल्या 0.17 या आवृत्तीपासून ‘स्टडिन-फ्रॉम-कमांड’ हा पर्याय मिळाला. यात डेटा काढणारी आज्ञा रेस्टिक स्वतः चालवते, तिचा निकाल तपासते आणि ती फसली असेल तर प्रत नोंदवतच नाही. हा पर्याय आल्यावर मी मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन पाहिला. लाल अक्षरांत चूक आली, प्रतींच्या यादीत नवी ओळ आली नाही, आणि खरे सांगायचे तर मला नऊ वर्षांपूर्वीची ती फोल्डर डोळ्यांसमोर दिसली. जे कोणी डेटाबेसचा बॅकअप अजून जुन्या पद्धतीच्या जोडआज्ञेने घेत असतील, त्यांनी आजच हा बदल करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक खाच मात्र अजून आहे. काही फायली वाचता आल्या नाहीत तर रेस्टिक अपुरी प्रत नोंदवते आणि 3 हा निकालक्रमांक देते. स्क्रिप्टने तो पाहिला नाही, तर अपुरी प्रत पुरी म्हणून खपून जाते. शिवाय कळवण्याची सोय, म्हणजे ईमेल किंवा संदेश, साधनात मुळीच नाही. ती आपली आपण करावी लागते. आम्ही उलट बाजूने पहारा ठेवला आहे: सकाळी आठपर्यंत ‘झाले’ असा संदेश आला नाही, तर आमचा फोन वाजतो. अपयशाचा संदेश वाटेत हरवू शकतो, हे गिटलॅबच्या प्रसंगाने दाखवलेच आहे.

रोजच्या वापरात साधन शांत आणि भरवशाचे आहे. एकच फाइल, ती वेगळी बसवावी लागत नाही, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते. डेटाचे तुकडे करून फक्त नवे तुकडेच पाठवले जातात, त्यामुळे पहिली रात्र जड जाते आणि पुढच्या रात्री हलक्या. 2022 मधील 0.14 या आवृत्तीपासून दाबून साठवण्याचीही सोय झाली. सर्व काही यंत्रावरच सांकेतिक होऊन बाहेर पडते. दवाखान्याच्या नोंदी असताना हे आवश्यकच आहे.

आमच्याकडच्या पावसाळ्यात या साधनाची खरी परीक्षा होते. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात फोंड्याच्या बाजूला वीज जाणार हे गृहीतच धरावे लागते. देवस्थानाच्या कार्यालयात बॅकअप अर्ध्यावर असताना वीज गेली आणि तेथील यूपीएस दहा मिनिटांत संपला. दुसऱ्या दिवशी पाहिले तर आदल्या रात्रीची प्रत यादीत नव्हती, म्हणजे अर्धवट कामाला पूर्ण म्हटलेले नव्हते; आणि आधीच पोहोचलेले तुकडे पुन्हा पाठवावे लागले नाहीत. काम चालू असताना रेस्टिक लावते ते एक जुने कुलूप मागे राहिले होते, ते ‘अनलॉक’ या आज्ञेने काढावे लागले. महाजनांची नोंदवही आणि अभिषेकांची आरक्षणे, दोन्ही सुखरूप होती.

परत चढवण्याविषयी लिहिताना मला थोडे थांबावेसे वाटते, कारण बहुतेक लोक इथेच फसतात आणि मीही फसलो होतो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही एका ग्राहकाचा पूर्ण डेटा कोऱ्या लॅपटॉपवर परत चढवतो, सॉफ्टवेअर सुरू करतो आणि ग्राहकाच्या माणसाला समोर बसवून कालची एखादी नोंद शोधायला लावतो. पतसंस्थेच्या पहिल्या चाचणीला पाच तास लागले. डेटा तासाभरात उतरला होता. उरलेला वेळ गेला तो सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आणि तिचा परवाना शोधण्यात, कारण त्यांचा बॅकअप आम्ही घेतच नव्हतो. आता त्याच कामाला दीड तास पुरतो. लिनक्सवर प्रती एखाद्या फोल्डरप्रमाणे उघडून आत डोकावण्याची सोय आहे, ती एकच हरवलेली फाइल शोधताना फार उपयोगी पडते. विंडोजवर ती चालत नाही. ‘चेक’ ही आज्ञा साधी दिली तर केवळ मांडणी तपासते, प्रत्यक्ष डेटा वाचत नाही, हेही लक्षात ठेवावे. आम्ही दर आठवड्याला दहा टक्के डेटा वाचून तपासायला सांगतो.

आणि पासवर्ड. तो हरवला तर डेटा कोणालाही उघडता येत नाही, बनवणाऱ्यांनाही नाही. प्रतींच्या एकाच साठ्याला अनेक किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, देता येतात, म्हणून आम्ही प्रत्येक ग्राहकासाठी दुसरी किल्ली करून कागदावर लिहितो आणि मोहोरबंद पाकिटात त्यांच्याच तिजोरीत ठेवायला देतो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मागच्या वर्षी अनुभवाने मिळाले. आमचा साठा रेस्टिकच्याच रेस्ट-सर्व्हरवर आहे आणि तो ‘फक्त भर घालता येईल’ अशा पद्धतीने चालवला जातो. ग्राहकाच्या यंत्रावरून नव्या प्रती येतात, जुन्या पुसता येत नाहीत. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी आमच्याकडे शिकत आहे. जुन्या प्रती काढणारी ‘फरगेट’ ही आज्ञा तिने सरावाच्या साठ्यावर देण्याऐवजी दवाखान्याच्या साठ्यावर दिली. सर्व्हरने नकार दिला, एकही प्रत गेली नाही. पण तिला ते लगेच कळले नव्हते. आज्ञा चुकीच्या ठिकाणी गेली एवढेच दिसले होते. ती खुर्चीवरून उठली आणि सरळ माझ्या टेबलापाशी आली. ‘‘सर, माझ्याकडून चूक झाली, दवाखान्याच्या साठ्यावर फरगेट दिले गेले,’’ ती म्हणाली, आणि तिचा हात थरथरत होता. आज्ञा देऊन दोन मिनिटेही झाली नव्हती. आम्ही दोघांनी मिळून प्रती मोजल्या. त्यानंतर मी तिला 2015 ची ती सकाळ पहिल्यांदा सविस्तर सांगितली, ‘आत्ताच, सर’ या खोट्यासकट. त्या दिवसापासून चालू सर्व्हरच्या खिडक्या आमच्याकडे लाल पार्श्वभूमीच्या असतात. ही सूचना तिची आहे.

हे साधन सर्वांसाठी नाही. त्याला बटणांचा पडदा नाही, सर्व काही आज्ञा लिहून करावे लागते, आणि साठा मोठा झाला की जुने तुकडे झाडून काढणाऱ्या ‘प्रून’ला बरीच मेमरी लागते. ज्या दुकानात किंवा दवाखान्यात आज्ञा लिहिणारे कोणी नाही, तेथे मालकाने ते स्वतः बसवण्याच्या भरीस पडू नये. ज्याच्याकडून बसवून घ्याल त्याला मात्र महिन्यातून एकदा तुमच्या डोळ्यांदेखत कालचे बिल कोऱ्या यंत्रावर उघडून दाखवायला सांगा, आणि त्याने टाळाटाळ केली तर फोल्डर उघडून फायलींचा आकार स्वतः पाहा.