एडिटर भारी, पण स्क्रिप्ट ओळखायची बोंब
फुकटातला कोड लिहायचा एडिटर आहे, हलका, माझ्या जुन्या लॅपटॉपवरपण पटकन उघडतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण नावाशेवटी .पीवाय हे एक्स्टेन्शन नसलेली पायथनची स्क्रिप्ट उघडली, पहिल्याच ओळीत शेबँग (#! ने सुरू होणारी, स्क्रिप्ट कशाने चालवायची ते सांगणारी खूण) लिहिलंय, तरी साहेब म्हणतात प्लेन टेक्स्ट! तासभर डोकं खाल्ल्यावर कळलं की फाइल विंडोजवरून आलेली, सुरुवातीला बॉमचे (फाइलचं एन्कोडिंग सांगणारी खूण) न दिसणारे ३ बाइट, म्हणून #! जागेवर सापडतच नाही (लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभापण तिथेच अडतो, त्यामुळे सगळा दोष ह्याचा नाही म्हणा). बॉम काढला की लगेच कोडला पायथनचे रंग आले. पण .पीएल फाइल पर्ल भाषेची असो की प्रोलॉग भाषेची, हा आपला पर्लच लावतो, आत डोकवायचं नाव नाही, दरवेळी भाषा हाताने बदला. ५ पैकी ३.