कणा मोडूनही तरलेली 'एचएमएस बेलफास्ट'

लंडनमध्ये टॉवर ब्रिजजवळ थेम्स नदीत उभी असलेली 'एचएमएस बेलफास्ट' ही ब्रिटिश क्रूझर (वेगवान, मध्यम आकाराची युद्धनौका) 1971 पासून संग्रहालय म्हणून खुली असून, जहाजबांधणीत रस असणाऱ्याने ती आवर्जून पाहावी.

21 नोव्हेंबर 1939 रोजी स्कॉटलंडच्या फर्थ ऑफ फोर्थमध्ये जर्मन चुंबकीय सुरुंगाचा स्फोट तिच्याखाली झाला. असा सुरुंग जहाजाला न टेकताच फुटतो आणि पाण्यातून आलेला हादरा सबंध सांगाड्याला बसतो. म्हणूनच पत्र्याला पडलेले भोक तुलनेने लहान असूनही बेलफास्टचा कणा, म्हणजे तळाची मुख्य तुळई, मोडला, डेक वाकले आणि यंत्रांची मोडतोड झाली. ती बुडाली नाही, हेच मोठे. दुरुस्तीला सुमारे तीन वर्षे लागली आणि त्यात मध्यभागी दोन्ही बाजूंना फुगवटा जोडून तिची रुंदी सुमारे 19 मीटरवरून 21 मीटर करण्यात आली. डिसेंबर 1943 मध्ये, नॉर्वेजवळच्या नॉर्थ केपच्या लढाईत, 'शार्नहोर्स्ट' ही जर्मन युद्धनौका बुडवणाऱ्या ताफ्यात हीच नौका होती.

बहुतेकांची पावले आधी तोफांकडे वळतात. माझा आग्रह मात्र बॉयलर आणि इंजिनांच्या खोल्यांचा आहे. पाण्याच्या पातळीखालच्या त्या अरुंद जागेत, आवरणे गुंडाळलेल्या जाड नळ्या आणि झडपांच्या दाटीत उभे राहिल्यावर, खालून बसलेला हादरा काय उलथापालथ करू शकतो याची खरी कल्पना येते. तिथे उतरण्याच्या शिड्या फार उभ्या आहेत, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी वरचे डेक पाहणेच योग्य. सपाट तळव्याचे बूट घालावेत आणि निदान तीन तास हाताशी ठेवावेत.