पाईनच्या फर्निचरला डार्क पॉलिश करून घेताय? आधी हार्डनरचा डबा बघा

फर्निचरच्या पॉलिशमध्ये फसले, २६,१०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरातल्या प्रत्येकाने पहिलं हेच विचारलं, "गेले किती?" आणि दुसरं, "बिल नव्हतं घेतलं?" नव्हतं घेतलं. पॉलिशवाल्याकडून जीएसटीचं बिल घेतलेला एक तरी माणूस दाखवा मला.

आमच्याकडे पाईनचा डबल बेड, स्टडी टेबल आणि पुस्तकांचं कपाट आहे, सगळं फिकट पिवळट, ते वॉलनट शेडमध्ये करून घ्यायचं होतं. अॅपवर एक कॉन्ट्रॅक्टर मिळाला, नावापुढे व्हेरिफाइडची खूण, खाली ढीगभर स्टार. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, गोड बोलणं, बिफोर-आफ्टर फोटो, "मॅडम हा रेट कुणाला सांगू नका". व्हॉट्सअॅपवर लेखी कोटेशन आलं: पॉलिश पेपर, सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर), स्टेन (लाकडाला शेड देणारा रंग), वर पीयू मॅटचे (पॉलियुरेथेन, म्हणजे वरचा टिकाऊ थर, बिनचमकीचा) दोन हात, सगळे मिळून ३४,०००. अॅडव्हान्स १२,००० दिले. मग "पीयूचं मटेरियल उचलायचंय" म्हणून ९,६००. मग "गाठींना स्पेशल इम्पोर्टेड सीलर लागेल, नाहीतर चीक बाहेर येईल" म्हणून ४,५००. चीक खरंच येतो, ते खोटं नव्हतं, पाईनच्या गाठीतली राळ उष्णतेने सुटते आणि वरच्या पॉलिशमधून पिवळी चिकट होऊन डोकावते. पण त्याला चपडा लाखेचा हात पुरतो, स्पिरिटमध्ये विरघळवून मारायचा, आपल्याकडचे जुने पॉलिशवाले हेच करत आलेत. हे मला नंतर दुसऱ्या मिस्त्रींनी सांगितलं. इम्पोर्टेड म्हणे!

पहिल्या दिवशी त्याने स्टेन सरळ कोऱ्या लाकडावर फासला. पाईन मऊ असतं, कुठे जास्त पितं कुठे कमी, त्यामुळे आधी पातळ केलेल्या सीलरचा एक हात देऊन, हलका २२० नंबरचा पेपर मारून मग स्टेन लावायचा असतो. याने ते केलंच नाही. बेडच्या फळीवर ढग आल्यासारखे डाग, कापलेल्या टोकांना पार काळं, आणि रेषा तर उलट्याच, म्हणजे जो फिका भाग होता तो गडद झाला आणि गडद रेघा फिक्या दिसायला लागल्या, फोटोच्या निगेटिव्हसारखं. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम हा पहिला हात आहे, फिनिशिंगला सगळं बसेल." आता सांगा, यावर बाहेरच्या माणसाने काय बोलायचं? काम अर्धवट असताना कुठलंही फर्निचर भयाणच दिसतं.

पण ज्याचा विचार करून अजूनही रात्री उठून बसते ती गोष्ट वेगळी आहे. संध्याकाळी जाताना त्याने उरलेलं मिक्स केलेलं "पीयू" कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलं आणि सकाळी येऊन तेच हलवून परत मारायला घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर! लाकडावर मारतात ते चांगलं पीयू बहुतेक दोन भागांचं येतं, बेस आणि त्याला कडक करणारं हार्डनर, एकदा मिसळलं की काही तासांत वापरून संपवावं लागतं, रात्रभरात त्याची जेली होते. बाटलीतलं सकाळी पाण्यासारखं पातळ होतं. म्हणजे त्यात हार्डनरचा थेंब नव्हता, साधं लॅकर (हार्डनरशिवाय नुसतं वाळणारं पॉलिश), वर भरपूर थिनर आणि डाग झाकायला त्यातच कालवलेला रंग. मला उलट बरं वाटलं, म्हटलं माणूस काटकसरी आहे, माल वाया घालवत नाही. हे मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं आणि तुम्हालाही नसणार, म्हणून इथे लिहितेय. डबे सीलबंद तुमच्यासमोर फोडायला लावा, दोन डबे दिसले पाहिजेत, बेस आणि हार्डनर.

उघडकीला कसं आलं तर मुलीच्या हातून टेबलावर नेलपॉलिश रिमूव्हर सांडलं. पुसलं तर कापसावर अख्खं वॉलनट आलं, खाली पांढरं लाकूड. पक्कं बसलेलं पीयू असं पुसलं जात नाही. ही टेस्ट उरलेले पैसे द्यायच्या आधी करा, बेडच्या खालच्या बाजूला, कोपऱ्यात, कापसाचा एक बोळा फिरवून. आणि तो रागावला तर रागावू दे. आमच्याकडचे उरलेले ७,९०० तेवढे वाचले, तेही दोन दिवसांनी देते म्हटलं होतं म्हणून. फोन केला तर दोनदा उचलला, "उद्या येतो", मग बंदच.

आता तक्रारीची गंमत ऐका. चौकीत गेले तर साहेब म्हणाले, "मॅडम, काम तर करून दिलंय ना त्याने? क्वालिटी आवडली नाही हा दिवाणी मामला." मी म्हटलं पीयूचे पैसे घेऊन लॅकर मारणं ही क्वालिटी नाही, लबाडी आहे, तर शेजारचे हवालदार विचारतात, "पीयू म्हणजे काय?" अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. बँकेत गेले, तिथे म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. सायबरवाले म्हणाले माणूस प्रत्यक्ष घरी आला होता ना, मग हे ऑनलाइन फ्रॉडमध्ये बसत नाही. ग्राहक हेल्पलाइनवर कंपनीचं नाव विचारलं, कंपनीच नाही म्हटल्यावर तक्रार बंद झाल्याचा मेसेज, त्याखाली "आपण समाधानी आहात का?" आणि अॅपवाले तर सगळ्यांवर कडी, बुकिंग अॅपमधून झालं नाही, फोनवर झालं, त्यामुळे जबाबदारी नाही आणि मला रिव्ह्यूही लिहिता येणार नाही. व्हेरिफाइड म्हणजे काय व्हेरिफाय केलं विचारलं, तर मोबाइल नंबर. फक्त नंबर! तो आता बंद आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. वकिलाशिवायही चालतं. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो. म्हणून पहिला रुपया देण्याआधी त्याचा राहता पत्ता आणि ओळखपत्राचा फोटो घ्या, लाजू नका. मी यूपीआयच्या नोंदीवरचं नाव घेऊन शोधतेय, ते नावही त्याचं नाही, दुसऱ्याच कुणाचं आहे.

दुसऱ्या मिस्त्रींनी सगळं खरवडून, परत पेपर मारून, सीलर देऊन, स्टेनचे पातळ पातळ हात देऊन करायचे १९,००० सांगितलेत. त्यांनी आधी एका तुकड्यावर शेड करून दाखवली, तुम्हीही तुमच्याच लाकडाच्या तुकड्यावर किंवा फर्निचरच्या मागच्या बाजूला करून घ्या, मोबाइलवरचे फोटो बघू नका. त्या भामट्याचे फोटो मी आता नीट मोठे करून पाहिले, एकाही फळीवर गाठ नाही, सरळ सागाचं फर्निचर आहे ते. रिकामे डबे आणि ती बाटली मी जपून ठेवलीये, टाकायची नाही असं घरात बजावलंय, आयोगात ठेवायला तेवढंच आहे माझ्याकडे. आणि ते कोटेशन, ज्यात त्याने स्वतःच्या हाताने "पीयू मॅट" टाइप केलंय.