स्लिम पाकीट घ्यायचंय? आधी पाचशेची नोट मोजा

पाकिटाच्या जाहिरातीत 'स्लिम' लिहिलेलं असतं, पण माप दिलेलं नसतं. मापं मात्र ठरलेली आहेत. सध्याची पाचशेची नोट १५० × ६६ मिलिमीटर आहे, शंभरची जांभळी १४२ × ६६ आणि दहाची १२३ × ६३. शंभरची जुनी निळी नोट अजून चलनात आहे आणि ती १५७ × ७३ भरते. एटीएम कार्ड, पॅन, लायसन्स आणि पीव्हीसी आधार ही सगळी ८५.६ × ५४ मापाची. बँकेच्या कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर.

म्हणजे नोटांचा कप्पा आतून किमान १६५ मिलिमीटर लांब आणि ७५ खोल हवा. त्याहून मोठं पाकीट उगाच खिसा अडवतं. २०१६ पूर्वी हजाराची नोट १७७ मिलिमीटर लांब होती, जुनी पाचशेची १६७. त्या मापावर कापलेली पाकिटं अजून बाजारात दिसतात. घडी घातल्यावर ती साडेअकरा सेंटीमीटर रुंद होतात आणि पँटच्या पुढच्या खिशात आडवी बसत नाहीत. आजच्या नोटांसाठी बंद पाकीट साडेनऊ ते दहा सेंटीमीटर रुंद आणि साडेआठ उंच असलं की पुरे. दुकानात टेप नसेल तर जुनी शंभरची नोट आत सरकवून बघा. वरून कड दिसली तर कप्पा उथळ आहे आणि त्या नोटेचे कोपरे महिन्याभरात दुमडणार.

आता जाडी. कार्डांमुळे पाकीट फुगतं असा समज आहे. सहा कार्डं एकावर एक ठेवली तर साडेचार मिलिमीटर होतात. घडीचं साधं पाकीट रिकामंच दहा-बारा मिलिमीटर असतं, कारण दोन्ही बाजूंना बाहेरचं चामडं, अस्तर, नोटांच्या कप्प्याची आतली भिंत आणि कार्डांचे तीन-तीन खण असे बारा-चौदा थर होतात. पातळ पाकीट हवं असेल तर थर मोजा. अस्तर नसलेलं, एका बाजूला दोनच खण असलेलं आणि ०.७ ते ०.८ मिलिमीटर चामड्याचं पाकीट रिकामं असताना सहा मिलिमीटरच्या आत राहतं. चांगले कारागीर खणाच्या दिसणाऱ्या पट्टीलाच चामडं लावतात, खाली बारीक विणीचं नायलॉन जोडतात. पद्धत योग्य आहे, फक्त ते कापड कुठलं हे बघायला हवं. खणात बोट घालून तळाशी दाबा. कापड सैल लागलं किंवा टाके टोचले तर वर्षभरात तिथूनच फाटणार, आणि कार्ड खण सोडून अस्तराच्या मागे जाऊन बसणार. बाहेरून धडधाकट दिसणारी पाकिटं बहुतेक इथेच संपतात.

मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून तासन्‌तास बसलं की नितंबातली नस दबते. 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १९७८ साली याची नोंद झाली आहे. पाकीट पातळ असलं तरी ते पुढच्या खिशातच ठेवा. गाडी चालवताना कंबर सुखात राहते आणि लोकलच्या गर्दीत हात त्यावर राहतो.

चामड्याबद्दल सर्वात जास्त दिशाभूल होते. 'जेन्युइन लेदर' या शिक्क्याने चामडं आहे एवढंच कळतं, कुठल्या थराचं ते कळत नाही. कातडीचा वरचा थर घट्ट तंतूंचा आणि टिकाऊ असतो. खालचा थर वेगळा काढून त्यावर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप आणि दाण्यांचा छाप देतात, तोही 'जेन्युइन'च. 'बाँडेड लेदर' म्हणजे चामड्याचा भुसा गोंदात बसवून केलेला कागद. लेपाचं आयुष्य हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. पॉलियुरेथेन दमट हवेत पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन तुटतं, वापर असो वा नसो. म्हणूनच लग्नात आहेर म्हणून आलेलं पाकीट डब्यातून तीन वर्षांनी काढलं की हाताला काळे पापुद्रे लागतात. मुंबई, कोकण आणि गोव्यात हे लवकर होतं, मराठवाड्यात जरा उशिरा.

ओळखायचं कसं? वासावर जाऊ नका, वासाचा फवारा मिळतो. घडीवर अंगठ्याने दाबून वाकवा. वरच्या थराच्या चामड्यावर बारीक, वाकड्यातिकड्या सुरकुत्या पडतात आणि सोडलं की जवळजवळ निघून जातात. लेप असेल तर एकच सरळ रेघ उठते किंवा काहीच उठत नाही. कड उघडी असेल तर तिथे तंतू दिसायला हवेत, दोन रंगांचे सपाट थर दिसले तर लेप आहे. मग पांढरा रुमाल थोडा ओला करून आतून-बाहेरून घासा. रंग रुमालावर उतरला तर पहिल्याच पावसात तो फिकट पँटवरही उतरेल. टॅन आणि लालसर रंगात हा दोष जास्त सापडतो.

किमतीचा अंदाज चामड्यावरून बांधता येतो. सगळे खण चामड्याचे असलेल्या घडीच्या पाकिटाला साधारण एक चौरस फूट चामडं लागतं, वर कातरण वाया जातं, शिलाई आणि कडांची मेहनत वेगळी. फुटपाथवर दीडशे रुपयांत 'प्युअर लेदर' मिळत असेल तर या हिशेबात ते बसत नाही.

शिलाईचे टाके एका इंचात सात ते नऊ हवेत. पाच-सहा असतील तर पदर उघडतात. बारा-तेरा असतील तर पातळ चामडं पोस्टाच्या तिकिटांच्या पानासारखं छिद्रांच्या रेषेवरच फाटतं, म्हणून बारीक टाके दिसले की भुलू नका. दोरा पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा असावा, सुती दोरा घामाने कुजतो. ताण सगळा खणाच्या तोंडाशी येतो, तिथे दोन-तीन टाके उलटे मारून पक्के केलेत का ते बघाच. कडा दोन प्रकारच्या. चामडं आत दुमडून शिवलेली कड जास्त टिकते, पण जाडी थोडी वाढवते. रंग लावून गुळगुळीत केलेली कड सुबक दिसते, पण रंगाचा जाड एकच थर दिला असेल तर घडीपाशी तडकून दोऱ्यासारखा निघून येतो. नखाने हलकेच खरवडून बघायला दुकानदाराची हरकत नसावी.

हे सगळं हाताळून घ्यायचं तर सायन-वांद्रे लिंक रोडवरची धारावीची चामड्याची दुकानं मुंबईकरांना सर्वात सोयीची. मागे कारखाने असल्यामुळे अनेक ठिकाणी सांगून बनवून घेता येतं. अस्तर नको, खण चारच, नोटांचा कप्पा ७५ मिलिमीटर खोल, एवढं कागदावर लिहून द्या. चामडं शेळीचं मागा, ते पातळ असूनही चिवट असतं. म्हशीचं जाड, दाणेदार आणि दणकट, पण तासून पातळ केलेलं असेल तरच स्लिम पाकिटाला चालतं. कोल्हापूरच्या चपलांचं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं सुंदर म्हातारं होतं, मात्र पाकिटासाठी ते बहुधा फार जाड पडतं.

धातूची पाकिटं आता बरीच दिसतात. त्यातली नेदरलँड्सच्या सिक्रिडची ॲल्युमिनियमची डबी मला सर्वात नीट विचार केलेली वाटते. खालची खटकी दाबली की कार्डं पायऱ्यांसारखी वर येतात. सहा सपाट कार्डं मावतात, उठावाच्या अक्षरांची असतील तर चारच. घरी लॅमिनेट केलेलं ओळखपत्र तिच्यात जात नाही, कारण प्लास्टिकची कड ५४ मिलिमीटरच्या बाहेर येते. आधार ठेवायचं असेल तर यूआयडीएआयकडून पीव्हीसी कार्ड मागवणं बरं. नोटांसाठी मात्र डबीत सोय नाही, ती चामड्यात बसवलेल्या प्रकारात आहे.

दोन पत्रे आणि मध्ये इलॅस्टिक असा अमेरिकेच्या रिज कंपनीने रुळवलेला प्रकार झिजतच नाही म्हटलं तरी चालेल. अडचण नोटांची होते. पत्रा कार्डाएवढा, त्यामुळे पाचशेची नोट अर्धी दुमडली तरी ७५ × ६६ ची घडी बाहेर डोकावते. तीन घड्या केल्या तर ५० × ६६ होऊन बरोबर बसते. पण बेस्टच्या कंडक्टरला वीस रुपये काढून देताना सगळा गठ्ठा चिमट्यातून सोडवावा लागतो. ज्यांचं सगळं यूपीआयवर चालतं आणि दोनच नोटा अडीअडचणीला लागतात त्यांनी हा घ्यावा, भाजीबाजार रोखीने करणाऱ्यांनी नाही. पत्र्याची कड मोबाईलची काच ओरबाडते, म्हणून दोन्ही एका खिशात नकोत. इलॅस्टिक सैल पडतं तेव्हा ते बदलता येतं ना, हे घेतानाच विचारा.

बायकांच्या जीन्सचे आणि कुर्त्यांचे खिसे उथळ असतात, तिथे घडीचं पाकीट अर्धं बाहेर राहतं. चार कार्डांचा सपाट कार्डहोल्डर आणि मध्ये तीन घड्यांच्या नोटांचा एक कप्पा, असं दहा बाय सात सेंटीमीटरचं पाकीट तिथे चांगलं बसतं.

'आरएफआयडी ब्लॉकिंग' म्हणजे टॅपच्या कार्डाचे रेडिओ संकेत अडवणारी धातूची जाळी. तिच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. टॅप करून चालणारं कार्ड यंत्रापासून काही सेंटीमीटरवरच वाचलं जातं, पिनशिवाय एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतच व्यवहार होतो आणि बँकेच्या ॲपमधून टॅपची सोय बंद करता येते. संरक्षक जाळीचा रोजचा त्रास मात्र खरा. मेट्रोचं कार्ड तिच्या आत असेल तर फाटक उघडत नाही. जाळी नसेल आणि टॅपची दोन कार्डं एकावर एक असतील तर यंत्र गोंधळतं किंवा नको त्या कार्डातून पैसे जातात. मेट्रोचं कार्ड घडीच्या एका बाजूला बाहेरच्या खणात एकटं ठेवा, बँकेची सगळी दुसऱ्या बाजूला. फाटकाशी पाकीट पूर्ण उघडून तेवढीच बाजू टेकवा.

चुंबकाच्या बटणाची आणि मोबाईलला चिकटणारी पाकिटं प्रवासात नकोत. बँकेच्या कार्डाची चिप चुंबकाने बिघडत नाही, पण अनेक हॉटेलांच्या खोलीची चावी असलेलं कार्ड कमजोर चुंबकीय पट्टीचं असतं आणि पुसलं जातं. रात्री अकराला रिसेप्शनवर रांग लावावी लागते ती यामुळे.

परदेशी जाताना पुन्हा नोटांकडे बघा. डॉलरची प्रत्येक नोट १५६ × ६६ असते, म्हणजे आपल्या कप्प्यात नीट मावते. ऑस्ट्रेलियाच्या नोटा ६५ उंच, त्याही बसतात. युरोत पन्नास आणि शंभरची नोट ७७ मिलिमीटर उंच आहे, पन्नास पौंडांचीही तेवढीच. ७५ खोलीच्या पाकिटातून त्या वर येतात, म्हणून युरोप-इंग्लंडला वरचेवर जाणाऱ्यांनी कप्पा ८० मिलिमीटरचा करून घ्यावा. पासपोर्ट १२५ × ८८ चा असतो. तो रोजच्या पाकिटात कोंबण्याचा नाद सोडा. वेगळं कव्हर घ्या, त्यातच एक जादाचं कार्ड आणि थोडी रोकड ठेवा, म्हणजे पाकीट गेलं तरी परतता येतं. देशात रेल्वेने जाताना ओळखपत्र म्हणून डिजिलॉकरमधलं आधार किंवा लायसन्स चालतं, पण ते ॲपमधल्या, सरकारी खात्याने जारी केलेल्या कागदपत्रांच्या विभागातलं हवं. स्वतः फोटो काढून चढवलेली प्रत तिकीट तपासनीस मान्य करत नाही. तेवढं एक कार्ड घरी राहिलं की खणही मोकळा होतो.

तारकर्ली किंवा पाळोळ्याला पाण्यात उतरणार असाल तर चामडं घरी ठेवा. चेनचं नायलॉनचं पाकीट तासाभरात वाळतं. वेल्क्रो टाळा, त्यात वाळू आणि दोरे अडकतात आणि पकड जाते.

चिल्लरसाठी वेगळी छोटी थैली ठेवा. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं आणि पावणेआठ ग्रॅमचं, चार नाणी झाली की ३१ ग्रॅम. पातळ चामड्यावर त्यांचा गोल ठसा उमटतो तो जात नाही. एका खणात दोन कार्डंही कधी घालू नका. चामडं ताणलं गेलं की मागे येत नाही, पुढे एकटं कार्ड त्यातून घसरतं. पावत्या काढून टाका. पारदर्शक खिडकीच्या प्लास्टिकला चिकटून राहिल्या की त्यावरची छपाई उडते, आणि वॉरंटीची पावती नेमकी तीच असते.

जून ते सप्टेंबर पाकीट रोज रात्री खिशातून काढून उघडं ठेवा. भिजलं तर नोटा-कार्डं काढा, कोरड्या सुती फडक्याने टिपा आणि पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवलं की चामडं कडक होऊन घडीवर तडकतं. पांढरी बुरशी आली तर घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसा, मग किंचित ओल्या फडक्याने, आणि पूर्ण वाळल्यावरच बिनरंगी लेदर क्रीम अगदी थोडं चोळा. कपाटात ठेवायचं तर कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो. शिलाई एका ठिकाणी उसवली तर लगेच बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि जुन्याच छिद्रांतून हाताने टाके घालायला सांगा. मशीनवर घातलं की शेजारी नवी छिद्रं पडतात आणि पातळ चामडं तिथून सुटतं.