फोल्डस्कोप : कागदाचा सूक्ष्मदर्शक आणि आमच्या गावातली पिंपं

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. आमच्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे घरोघरी दोन-तीन पिंपं भरून ठेवलेली असतात. फोल्डस्कोपबद्दल लिहायचं तर पिंपांचं सांगावंच लागेल, कारण गेल्या पावसाळ्यात पाच आठवडे माझा अख्खा वर्ग त्या पिंपांच्या मागे लागला होता.

आधी वस्तू कशी आहे ते सांगते. फोल्डस्कोप म्हणजे कागदाच्या घड्या घालून आपणच बनवायचा सूक्ष्मदर्शक. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश आणि त्यांचे विद्यार्थी जिम सिबुल्स्की यांनी तो तयार केला, २०१४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मनु प्रकाश मूळचे मेरठचे, आयआयटी कानपूरला शिकलेले. भिंग एकच, बारीक मण्याएवढं, आणि त्यातून वस्तू १४० पट मोठी दिसते. कागद पाण्यानं खराब होत नाही, सहजासहजी फाटतही नाही. वर्गासाठी वीसचा संच मिळतो, तो आम्ही घेतला. निम्मे पैसे शाळा व्यवस्थापन समितीनं दिले, उरलेले आम्ही तिघा शिक्षकांनी घातले.

प्रकल्प म्हणजे काय, हे आमच्याकडच्या पालकांना चांगलं ठाऊक आहे. तालुक्याच्या गावी जायचं, स्टेशनरीच्या दुकानातून ‘डासांमुळे होणारे रोग’ असा चित्रांचा तक्ता आणायचा, कापून चिकटवहीत लावायचा, खाली मजकूर उतरवायचा, पहिल्या पानावर नक्षी काढायची. आकारिक मूल्यमापनाचे गुण मिळतात. अशा वह्या मी बारा वर्षं तपासल्या आहेत. मूल त्यातून काही विचार करतं असं मला एकदाही दिसलं नाही. डी.एड.ला आम्हाला ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असं शिकवलं. पुढे प्रशिक्षणांमध्ये ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाची, विचार करण्याच्या सहा पायऱ्यांची सुधारित उतरंड आली : आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. पण वरच्या तीन पायऱ्यांवर मुलाला न्यायचं कसं, ते कुणी करून दाखवलं नव्हतं.

घड्या घालायला दोन तासिका गेल्या. घाई करू नका, एवढंच सांगीन. घडी तिरकी बसली की भिंग आणि वस्तू एका रेषेत येत नाहीत आणि मुलांना नुसता अंधार दिसतो. मोबाइलला जोडायचं चुंबकाचं कडं फार छोटं असतं. आमचं एक पहिल्याच दिवशी हरवलं. दोन दिवसांनी ते बाकाच्या लोखंडी पायाला चिकटलेलं सापडलं. तेव्हापासून चुंबकं एका डबीत मोजून ठेवते. आणखी एक गोष्ट मुलांना बजावून सांगायची : उजेडाकडे धरून बघायचं, पण सूर्याकडे कधीही नाही.

पहिला आठवडा कांद्याचा पापुद्रा, मीठ, डोक्यातला केस, मुंगीचा पाय यात गेला. आता हे असं का, असं कुणीच विचारलं नाही. फोल्डस्कोप एवढ्यावर थांबवला तर तो खेळण्यासारखाच राहतो आणि महिन्याभरात कपाटात जातो.

आमचा प्रकल्प सुरू झाला तो एका मुलीच्या तक्रारीवरून. आशाताई घरोघरी येऊन पिंपात झालेल्या डासांच्या अळ्या दाखवून गेल्या होत्या. तिच्या आईनं पिंप ओतून रिकामं केलं, नळ आल्यावर भरलं आणि वर दुहेरी धडपा बांधला. दोन दिवसांनी त्यात पुन्हा अळ्या. आईला वाटलं, पोरीनं धडपा उघडा ठेवला. मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, “बाई, मी उघडलंच नव्हतं. मग कुठून आल्या?”

उत्तर मला माहीत होतं. सांगून टाकायचा मोह आवरला, आणि माझ्या मते या प्रकल्पात मी केलेलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच. फळ्यावर मुलांची उत्तरं लिहीत गेले. नळाच्या पाण्यातून आल्या. धडप्याच्या विणीतून डास आत शिरला. हवेतून आल्या. पाणी शिळं झालं की आपोआप होतात. एकाला वाटलं, पिंपातच काहीतरी उरलं असणार.

मग यातलं खरं कोणतं, हे ठरवायचं कसं, यावर दोन दिवस वाद चालला. शेवटी मुलांनीच ठरवलं : तीन घरांतून प्रत्येकी दोन जुन्या बादल्या आणायच्या. एक काथ्यानं घासायची, दुसरी नुसती विसळायची. दोन्हीत पाणी भरायचं, वर धडपा बांधायचा. एका मुलानं हट्ट धरला की पाणी उकळून गार केलेलंच घ्यायचं, “नाहीतर नळातून आल्या असं कुणीही म्हणेल.” बदलायचं ते एकच आणि बाकी सगळं सारखं ठेवायचं, हे मी पाठ्यपुस्तकातून कितीदा शिकवलं असेल. ते कुणी मागून घेतलेलं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दोन घरांच्या न घासलेल्या बादल्यांत अळ्या वळवळत होत्या, घासलेल्यांत एकही नाही. आणि तिसऱ्या घराच्या दोन्ही बादल्या स्वच्छ! वर्ग हिरमुसला. “हे वहीत लिहायचं का?” असं हळूच विचारलं गेलं. लिहायचं, म्हटलं, आणि का झालं तेही शोधायचं. चार मुलं त्या घरी गेली. तिथल्या आजी दर वेळी बादली राखेनं खसाखसा घासतात. म्हणजे आमची ‘न घासलेली’ बादली आधीच घासलेली होती.

यानंतर फोल्डस्कोप खऱ्या अर्थानं कामाला आला. न घासलेल्या बादलीच्या आतल्या बाजूला, पाणी जिथवर होतं त्या कडेला, मुलांनी पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचलली आणि स्लाइडवर लावली. नुसत्या डोळ्यांना काजळाचे ठिपके वाटावेत असं काहीतरी. भिंगातून ते ठिपके दोन्ही टोकांना निमुळते, लांबोडके, काळे कुळकुळीत दिसले. त्यातल्या एकाचं टोक डबीचं झाकण उडावं तसं उघडलेलं आणि आत उजेड. “बाई, हे फुटलेलं अंडं आहे!” मग एकच गलका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. हे मी त्यानंतर सांगितलं. तोवर त्यांचं अर्धं सांगून झालं होतं.

अळी बघताना मात्र १४० पट थोडं जास्तच होतं. पूर्ण वाढलेली अळी एका नजरेत मावत नाही, तुकड्यातुकड्यानं सरकवत बघावी लागते. पण शेपटीकडची श्वासनळी छान दिसते. एडिसची आखूड आणि जाड, क्युलेक्स या दुसऱ्या डासाची लांब आणि बारीक, हा फरक मुलांनी स्वतः चित्रं काढून टिपला. जिवाणू दाखवायच्या अपेक्षेनं घेऊ नका, ते इतके बारीक असतात की नीट कळत नाहीत.

एका बरणीत, जाळीचं कापड घट्ट बांधून, नुकत्याच फुटलेल्या अळ्या ठेवल्या होत्या. आमच्याकडे पहिला डास नवव्या दिवशी दिसला. कोश झाल्यावर बरणी मी स्वतः सांभाळली, आणि डास बाहेर सुटू न देता मारले. ही काळजी नाही घेतली तर हा प्रयोग करूच नये.

त्या नऊ दिवसांवरून मुलांना कळलं की ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा’, म्हणजे त्या दिवशी पिंपं ओतून कोरडी करायची, हे कुठून आलं. आणि लगेच हिशेब निघाला : पंचायतीच्या भिंतीवर कोरडा दिवस शुक्रवार लिहिलाय, आमच्या गल्लीला नळ येतो सोमवारी. शुक्रवारी पिंप ओतलं तर तीन दिवस प्यायचं काय? म्हणून कुणी ओततच नाही. मुलांनी सुचवलं की प्रत्येक गल्लीचा कोरडा दिवस नळाच्या दिवशीच, पाणी सुटायच्या आधी सकाळी असावा. उरलेलं पाणी कापडातून गाळून घागरीत काढायचं, पिंप घासायचं, पाणी परत ओतायचं, म्हणजे थेंबही वाया जात नाही. सातवीतली एक मुलगी म्हणाली, नळ आठव्या दिवशी आणि डास नवव्या दिवशी, म्हणजे हातात एकच दिवस आहे, नळ एकदा चुकला तर सगळं फसेल. त्यावर त्यांनी अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांची पुरवणी जोडली, पण फक्त वापरायच्या पाण्याच्या हौदांसाठी. हे पत्र मुलांनी ग्रामसभेत वाचलं. दोन गल्ल्यांनी दिवस बदलला आहे.

सगळ्यांचंच जमलं असं नाही. चाळीसपैकी सात-आठ मुलं शेवटपर्यंत बघ्यासारखीच राहिली. एका फोल्डस्कोपमागे दोन मुलं असूनही बोलकं मूल तो धरून बसतं. पुढच्या वेळी जोड्या मी पाडीन. शिवाय पाच आठवड्यांत दोन धडे मागे पडले, ते शनिवारी जादा तास घेऊन भरून काढले.

तर घ्यावा का? शाळेत काचेचा चांगला सूक्ष्मदर्शक असला आणि तो मुलांच्या हाती लागत असला, तर गरज नाही. आमचा एकच होता, कुलपात. फोल्डस्कोप मुलांनी घरी नेला, चिखलात पाडला, धुऊन परत आणला. वीसपैकी अठरा अजून चालू आहेत. घरच्या एकट्या मुलासाठी घेणार असाल तर आधी त्याच्याकडे एखादा प्रश्न आहे का ते बघा, आणि चिकटपट्टीचं एक जादा रीळ आणून ठेवा, ती फार लागते.