शाबासकी की चांदण्यांचा तक्ता? वर्गात आणि थेरपीत काय निवडाल

पहिली-दुसरीच्या टीचर आणि नुकतीच थेरपी सुरू केलेल्या मुलांचे पालक, दोघांनाही एकच प्रश्न पडतो: चांगली सवय लागावी म्हणून तोंडी शाबासकी पुरे, की चांदण्या-टोकनं जमवून बक्षीस मिळवायची पद्धत लावावी? माझं मत आधीच सांगते. वर्गात सुरुवात शब्दांनीच करा. थेरपीत मूल बघून ठरवा. आणि तक्ता लावलात, तर तो कधी काढायचा हे लावतानाच ठरवा.

दोन्हींमागचं तत्त्व सकारात्मक प्रबलनाचं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३०च्या दशकात ते प्रयोगशाळेत तपशिलानं अभ्यासलं. एखाद्या कृतीपाठोपाठ हवंसं काही मिळालं आणि त्यामुळे ती कृती पुन्हा पुन्हा होऊ लागली, तर ते प्रबलन. तुम्ही कितीही प्रेमानं खाऊ दिलात, पण वागणं होतं तिथंच राहिलं, तर ते नुसतं बक्षीस झालं. याची उलट बाजूही लक्षात ठेवा. सारखं जागेवरून उठणाऱ्या मुलाकडे टीचर फक्त ओरडायलाच वळत असतील, तर त्याला ते ओरडणंही लक्ष दिल्यासारखंच वाटतं आणि उठणं वाढतं.

शाबासकीला पैसा लागत नाही, तयारी लागत नाही. पण ती नेमकी हवी. आपल्याकडे पावसाळ्यात वर्गाबाहेरची ओसरी छत्र्यांच्या पाण्यानं निसरडी होते. एखाद्या मुलीनं छत्री झटकून, मिटून खिळ्याला अडकवली, तर ‘गुणी गो बाय’ एवढ्यानं तिला काहीच कळत नाही. ‘छत्री बाहेरच झटकलीस, म्हणून ओसरी कोरडी राहिली,’ असं तिथल्या तिथं म्हटलं की काय केल्यामुळे कौतुक झालं ते तिला समजतं, आणि मागून येणाऱ्या चौघांनाही. हुशारीचं कौतुक मात्र टाळा. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८च्या अभ्यासात बुद्धीची स्तुती झालेली मुलं पुढचं कठीण काम जमलं नाही तेव्हा लवकर खचली. मेहनतीची स्तुती झालेली टिकून राहिली.

तक्ता किंवा टोकन कधी? सवय एकच आणि मोजता येण्यासारखी असेल, आणि शब्दांनी काम भागत नसेल, तेव्हा. टोकन-पद्धतीचा पाया आयलॉन आणि अझ्रिन या मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका मनोरुग्णालयात घातला. शाळांनी ती पुढे उचलली. तिची ताकद अशी की खरं बक्षीस उशिरा मिळालं तरी टोकन लगेच हातात पडतं. बक्षीस चॉकलेटच असायला हवं असंही नाही. पाच चांदण्या झाल्या की दहा मिनिटं घुमट (आपलं मातीचं वाद्य) वाजवायला मिळणार, एवढ्यावर गणेशचवथीच्या आधीच्या दिवसांत मुलं खूश असतात. मुलाला आवडणारी कृती हेच बक्षीस करता येतं, हे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी दाखवून दिलं.

पण जे मूल आवडीनं करतंय त्याला चांदणी लावू नका. १९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना प्रशस्तिपत्राचं आमिष आधीच दाखवलं. नंतर मोकळ्या वेळेत ती मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना प्रशस्तिपत्र न सांगता मिळालं, त्यांची आवड घटली नाही. मला स्वतःला भिंतीवरचा सगळ्यांच्या नावांचा तक्ताही पटत नाही. ज्याच्या नावापुढे जागा रिकामी राहते, तो रोज चारचौघांत खाली मान घालतो. त्याच्या वहीत चांदणी लावा. आणि मिळवलेली चांदणी रागाच्या भरात कधीही काढून घेऊ नका.

थेरपीत गणित थोडं बदलतं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी काहींना कौतुकाच्या शब्दांचं फारसं अप्रूप नसतं. तिथं चार-पाच वस्तू समोर ठेवून मूल आधी कशाकडे हात नेतं ते बघतात. सगळ्यांत चांगलं प्रबलन कृतीतूनच निघतं: मूल ‘दे’ म्हणालं की चेंडू लगेच त्याच्या हातात. सुरुवातीला प्रत्येक प्रयत्नाला, मग अधूनमधून. मोठ्यांच्या उपचारातही हेच तत्त्व काम करतं. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यासाठी राबवलेला ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ माणसाला समाधान देणाऱ्या कामांकडे पुन्हा वळवण्यावर उभा आहे. प्रशिक्षण घेतलेले, पण व्यवसायानं डॉक्टर नसलेले समुपदेशक तो चालवत होते.

‘मग ही लाच नाही का?’ असं आजी-आजोबा हमखास विचारतात. बाजारात मूल आडवं पडल्यावर गप्प बसावं म्हणून खाजें (जत्रेतला गोड खाऊ) हातात दिलंत, तर पुढच्या खेपेला ते पुन्हा आडवं पडेल. तेच खाजें शांतपणे सोबत चालल्याबद्दल दिलंत, तर चालणं पक्कं होईल.

थेरपिस्ट निवडताना दोन गोष्टी विचारा: आमच्या मुलाला काय आवडतं ते तुम्ही कसं शोधता, आणि टोकन कमी कधी करणार? दुसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं, तर आणखी एका ठिकाणी विचारून बघा.